जबाला खरे बोलली. श्रेय कुणी नेले?

जातिव्यवस्थेवर कोणी बोट ठेवले की समोरून ठरावीक उत्तरे येतात. वर्ण जन्मावर नव्हते, गुणकर्मावर होते, हे त्यातले पहिले उत्तर. पुरावा मागितला की सत्यकाम जाबालाची गोष्ट पुढे केली जाते. प्रवचनांत, व्याख्यानमालांत, शाळेतल्या संस्कारकथांत ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की आपल्यातल्या शिकल्यासवरलेल्या मंडळींनाही ती पटू लागते. ज्याच्या बापाचा पत्ता नाही अशा पोराला ऋषीने जवळ केले, मग तुम्ही कसली विषमता घेऊन बसलात, असा सवाल आपल्याला केला जातो. या सवालाकडे पाठ फिरवून चालणार नाही. बाबासाहेबांनी धर्मग्रंथांवर टीका केली ती ग्रंथ मुळातून वाचून केली. तीच रीत आपली असली पाहिजे. म्हणून ही गोष्ट आज आम्ही नीट तपासून पाहणार आहोत.

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायातल्या चौथ्या खंडात ही कथा येते. सत्यकाम नावाच्या मुलाला गुरुगृही जाऊन शिकायचे आहे. तो आईला, जबालेला, विचारतो की आपले गोत्र कोणते? आई सांगते की ते तिला ठाऊक नाही. तरुणपणी ती पुष्कळ ठिकाणी राबत होती, परिचारिणी होती, त्या काळात तिला हा मुलगा झाला. त्यामुळे गोत्र कोणते हे ती सांगू शकत नाही. मात्र तिचे नाव जबाला आणि त्याचे नाव सत्यकाम, एवढे नक्की. तेव्हा त्याने आपले नाव सत्यकाम जाबाल असेच सांगावे.

मुलगा हारिद्रुमत गौतम या आचार्याकडे जातो. आचार्य पहिलाच प्रश्न गोत्राचा करतात. मुलगा काहीही न लपवता आईचे बोलणे जसेच्या तसे सांगतो. त्यावर आचार्य म्हणतात की ब्राह्मण नसलेला माणूस असे स्पष्ट बोलू शकणार नाही. तू सत्यापासून ढळला नाहीस, समिधा घेऊन ये, तुझे उपनयन करतो. पुढे ते त्याला चारशे रोडावलेल्या गायी देऊन रानात पाठवतात. गायींच्या हजार होईपर्यंत परतणार नाही असे म्हणून तो जातो. तिथे बैल, अग्नी, हंस आणि मद्गु पक्षी त्याला ज्ञान देतात, अशी ही कथा आहे.

आता प्रश्न असा, की या कथेत सर्वात मोठे धाडस कुणाचे? गुरूचे? नाही. मुलाचेही नंतर येते. सर्वात मोठे धाडस त्या बाईचे आहे. आपल्या पोराचे सगळे आयुष्य ज्या एका उत्तरावर अवलंबून आहे, ते उत्तर तिला सोयीचे देता आले असते. कुठल्याही एका गोत्राचे नाव तिने घेतले असते, तर कोण तपासायला येणार होते? पण ती खोटे बोलली नाही. आपल्या कष्टाच्या आयुष्याची लाज धरली नाही. पोरापासून काही दडवले नाही. बापाचे नाव नसेल तर आईचे लाव, हे तिने सहजपणे सांगून टाकले. तिचे हे मोठेपण आम्ही मनापासून मानतो. त्या ग्रंथाने तिचे नाव आणि तिचे बोलणे टिकवले, हेही आम्ही नाकारत नाही. मुलगा पुढे आचार्य झाल्यावरही आईच्याच नावाने ओळखला गेला, हेही खरे आहे.

पण गुरूचा निवाडा पाहा. खरे बोलली कामकरी बाई. ते सत्य निर्भयपणे पुढे नेले तिच्या पोराने. आणि श्रेय मिळाले कुणाला? ब्राह्मण्याला! असे खरे ब्राह्मणच बोलू शकतो, हा त्या निवाड्याचा अर्थ. सत्य हा गुण आहे म्हणून त्याचा गौरव झाला असे नाही. सत्य ही एका वर्णाची मालमत्ता आहे, तेव्हा ते ज्याच्याजवळ सापडले तो आमचाच असला पाहिजे, असा हा हिशेब आहे. शेतमजुराच्या घरात सोन्याची अंगठी दिसली तर ती पाटलाच्याच वाड्यातून आली असणार, असे म्हणण्यापैकीच हे आहे.

गुणकर्मवादी यावर म्हणतील की आचार्यांचा आशय उलटा आहे. जो खरे बोलतो तोच ब्राह्मण, असे त्यांना म्हणायचे आहे. ठीक आहे. घटकाभर तसे मानू. मग आमचे दोन साधे प्रश्न आहेत. सत्यच जर कसोटी होती, तर आधी गोत्र का विचारले? आणि मुलगा सत्यामुळे ब्राह्मण ठरला, तर ज्या आईने ते सत्य सर्वात आधी उच्चारले ती काय ठरली? तिला समिधा घेऊन यायला कुणी सांगितले? मुलगा गुरुगृही गेल्यावर ती बाई कथेतून नाहीशी होते. पुढच्या खंडांत तिची विचारपूसही होत नाही.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जबाला शूद्र होती असे उपनिषद सांगत नाही. ती कोणत्या वर्णाची हे मूळ मजकुरात नाही. आपल्या काही वक्त्यांनी तिला शूद्र किंवा वेश्या ठरवून भाषणे केली आहेत. तसे करण्याची गरज नाही. मजकूर म्हणतो ती परिचारिणी, म्हणजे सेवा करणारी, राबणारी. तेवढे पुरेसे आहे. जे लिहिलेले नाही ते आपण घुसडू लागलो, तर मग भाष्यकारांत आणि आपल्यात फरक काय राहिला?

भाष्यकारांनी काय केले ते आता पाहू. शंकराचार्यांना ही राबणारी बाई अडचणीची वाटलेली दिसते. त्यांच्या भाष्यात ती पतीच्या घरी पाहुण्यारावळ्यांच्या सेवेत गढून गेलेली गृहिणी होते. कामाच्या गडबडीत गोत्र विचारायचे राहून गेले आणि त्याच सुमारास मुलाचा पिता वारला, असा खुलासा तेथे येतो. मूळ मजकुरात पतीचे घर नाही, पाहुणे नाहीत आणि पित्याचा मृत्यूही नाही. जबालेने जे झाकले नव्हते ते भाष्याने झाकले! तिच्या सत्यावर शालीनतेचे पांघरूण घातले. ती स्वतः लाजली नव्हती, तिच्या वतीने पंडित लाजले.

यापेक्षाही मोठा घात पुढे आहे. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातल्या तिसऱ्या पादात अपशूद्राधिकरण नावाचा भाग आहे. चौतीस ते अडतीस या पाच सूत्रांचा. शूद्राला वेदविद्येचा अधिकार आहे की नाही, हा तेथे प्रश्न आहे आणि उत्तर आहे, नाही. छांदोग्यातल्याच जानश्रुतीच्या कथेत रैक्व त्याला शूद्र म्हणून हाक मारतो आणि तरीही विद्या देतो. याच जानश्रुतीचा दाखला बाबासाहेबांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शूद्रांविषयीच्या ग्रंथात दिला आहे. सूत्रकारांनी मात्र तेथे शूद्र या शब्दाची फोड शोक या अर्थाकडे वळवून जानश्रुतीला शूद्रत्वातून सोडवून घेतले. आणि सदतिसाव्या सूत्रावर भाष्य करताना शंकराचार्य दाखला देतात तो आपल्या सत्यकामाचा. गौतमाने सत्यकामाचे उपनयन कधी केले? तो शूद्र नाही अशी खात्री पटल्यावर! म्हणून शूद्राला अधिकार नाही हे सिद्ध झाले, असा तो युक्तिवाद. लगेच पुढच्या सूत्रावर, वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे आणि लाख ओतण्याचे स्मृतिवचन आधाराला घेतले आहे.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. एका आईने आपल्या मुलाला शिकता यावे म्हणून निर्भयपणे खरे सांगितले. मुलाने ते निर्भयपणे पुढे सांगितले. त्याला विद्येचे दार उघडले. आणि त्याच सत्याचा पुरावा करून कोट्यवधी मुलांसाठी ते दार शतकानुशतके बंद ठेवण्यात आले. जबालेच्या स्वप्नातही हा परिणाम आला नसेल. ज्यांना ही गोष्ट समतेचा पुरावा म्हणून सांगायची आहे, त्यांनी आधी अपशूद्राधिकरणाचे काय करायचे ते सांगावे. परंपरेने ही गोष्ट कशी वाचली, हे आमच्या मनाने आम्ही सांगत नाही. परंपरेच्या सर्वात मोठ्या आचार्यानेच ते लिहून ठेवले आहे.

आता हाच प्रश्न तथागतांच्या परंपरेत कसा हाताळला गेला ते पाहू. मज्झिम निकायात अस्सलायन सुत्त आहे. अस्सलायन हा सोळा वर्षांचा, वेदात पारंगत असा ब्राह्मण तरुण. ब्राह्मण जन्मानेच श्रेष्ठ, हे मत मांडायला तो श्रावस्तीत भगवान बुद्धांकडे येतो. बुद्ध त्याला असित देवल ऋषीची कथा सांगतात. रानात राहणाऱ्या सात ब्राह्मण ऋषींना जन्माचा अहंकार झालेला असतो. असित देवल त्यांना विचारतो की तुमची आई केवळ ब्राह्मणाकडेच गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे काय? आईची आई, तिची आई, अशा सात पिढ्यांचे ठाऊक आहे काय? बापाच्या बाजूच्या सात पिढ्यांचे? प्रत्येक प्रश्नाला ऋषींना एकच उत्तर द्यावे लागते. ठाऊक नाही. मग तुम्ही कोण, हे तरी तुम्हाला ठाऊक आहे काय? तेही नाही!

जबालेचे उत्तर आणि या सात ऋषींचे उत्तर शेजारी शेजारी ठेवा. उत्तर एकच आहे. फरक एवढाच, की ती विचारताक्षणी खरे बोलली आणि ऋषींकडून ते खरे वदवून घ्यावे लागले. वंशशुद्धीची खात्री कुणालाच देता येत नाही. एक कामकरी बाई तेवढे कबूल करते, बाकीचे गोत्राच्या आड लपतात. बुद्धांनी जबालेच्या मुलाला ब्राह्मण ठरवण्याची वाट धरली नसती. गोत्राचा प्रश्नच निरर्थक आहे हे त्यांनी दाखवून दिले.

दुसरा दाखला विनयपिटकातल्या महावग्गातला. राजगृहाच्या सालवती गणिकेचे मूल उकिरड्यावर टाकले जाते. राजपुत्र अभय ते उचलतो, ते जिवंत आहे म्हणून त्याचे नाव जीवक पडते. मोठा झाल्यावर जीवक विचारतो की माझी आई कोण, बाप कोण? अभय सांगतो की तुझी आई मला ठाऊक नाही, पण मी तुला वाढवले म्हणून मी तुझा बाप. घरातल्या माणसाने दिलेले हेही खरे उत्तर. जीवक तक्षशिलेला एका नामांकित वैद्याकडे जातो आणि शिकायचे आहे असे सांगतो. वैद्य म्हणतो, मग शीक. गोत्राची विचारणा नाही, वर्णाचा निवाडा नाही! सात वर्षांनी त्याची परीक्षा होते ती औषधी वनस्पतींच्या ज्ञानाची. जीवकाच्या पाठीशी राजपुत्र होता आणि सत्यकामाच्या पाठीशी फक्त आई होती, हा फरक आम्ही विसरत नाही. तरीही एका गुरूने जन्म विचारला आणि दुसऱ्याने विचारला नाही, ही गोष्ट उरतेच. उकिरड्यावरचे ते पोर पुढे बिंबिसार राजाचा आणि भिक्खुसंघाचा वैद्य झाले. त्याला कुणी ब्राह्मण ठरवले नाही, आणि त्याचे काही अडलेही नाही.

हा केवळ अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांचा वाद असता तर आम्ही रकाना अडवला नसता. पण जबाला आजही आहे. आपल्याच महाराष्ट्रात खंडोबाच्या नावाने मुरळ्या सोडल्या, यल्लम्माच्या नावाने जोगतिणी सोडल्या, आणि त्यांच्या लेकरांना शाळेच्या दारात बापाचे नाव विचारले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये सुरू केलेल्या ‘सोमवंशीय मित्र’मधून मुरळीच्या प्रथेवर हल्ला चढवला. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासी आणि कामाठीपुऱ्यातल्या भगिनींची सभा घेऊन ते जिणे सोडून देण्याचे परखड आवाहन केले. त्या सभेत त्यांनी कुणाचे गोत्र विचारले नाही; पुढचे आयुष्य सन्मानाने कसे जगायचे हे सांगितले.

शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ मध्ये आले. आई दलित, बाप गावचा पाटील. शाळेच्या मास्तरांनी दप्तरात खऱ्या बापाचे नाव लावले. ते नाव काढून टाका म्हणून पाटील शाळेपर्यंत आला. मास्तर बधले नाहीत. येथे सत्य लपवू पाहणारा कोण होता आणि सत्य दप्तरात टिकवणारा कोण होता? सत्य ही उच्चवर्णाची मालमत्ता आहे म्हणणाऱ्या गौतमाला या शाळेत आणून बसवले पाहिजे!

आणि रोहित वेमुला? १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातला हा तरुण संशोधक आपल्यातून गेला. त्यानंतर चर्चा व्हायला हवी होती ती त्याला मरणाकडे ढकलणाऱ्या व्यवस्थेची. चर्चा झाली त्याच्या आईच्या जातीची. राधिका वेमुला यांनी सांगितले की आपण माला जातीत जन्मलो, दुसऱ्या जातीच्या घरात राबत वाढलो, नवऱ्यापासून वेगळे होऊन मुलांना आपण एकटीने वाढवले. तीच जबालेची कहाणी! शिकणाऱ्या मुलाची आई आपल्या कष्टाच्या आयुष्याबद्दल काहीही न झाकता बोलत होती. केंद्र सरकारने नेमलेल्या रूपनवाल आयोगाने मात्र तिच्या जातीच्या सांगण्यावरच शंका घेतली. २०२४ मध्ये तेलंगणा पोलिसांनी प्रकरण बंद करण्याच्या अहवालात तोच सूर लावला. संताप उसळल्यावर पुढील तपासाची घोषणा करावी लागली. जबालेच्या मुलाला खरे बोलल्याबद्दल ब्राह्मण ठरवले गेले, राधिकाताईंना खरे बोलल्याबद्दल खोटे ठरवले गेले. दोन्ही ठिकाणी बाईच्या शब्दाला स्वतःची किंमत नाही. तो शब्द खरा की खोटा हे ठरवणार दुसराच कोणी.

कायदा हळूहळू पुढे सरकतो आहे, हे मान्य केले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रमेशभाई नायका प्रकरणात सांगितले की आंतरजातीय विवाहातल्या मुलाची जात आपोआप बापाची धरता येणार नाही. आईने आपल्या समाजात त्याला वाढवले आणि त्याने तेच भोग भोगले, हे त्याला सिद्ध करता येईल. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने अविवाहित आईला बापाचे नाव उघड न करता मुलाचे पालकत्व मिळू शकते, असा निर्णय दिला. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये निर्णय घेऊन १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लावण्याची पद्धत आणली. हे स्वागतार्हच आहे.

पण पडताळणी समितीपुढे उभे राहिल्यावर काय होते? महाराष्ट्राच्या २००० च्या कायद्याने जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच टाकली आहे. अनुसूचित जातीच्या माणसाने १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणायचा, तोही बापाकडचा. आजोबांचा, चुलत्याचा, आत्याचा दाखला. जिच्या मुलाला बापाकडचे कुणीच नाही, त्या जबालेने हा कागद कुठून आणायचा? तिच्या तोंडचे सत्य कोणत्या रकान्यात लिहायचे? हारिद्रुमत गौतमाने निदान ऐकून घेतले होते. आईकडचे कागद पुरेसे मानावेत आणि एकल मातांच्या मुलांसाठी स्पष्ट नियम करावा, ही मागणी चळवळीने आता जोरकसपणे लावून धरली पाहिजे.

शेवटी आपल्या घरात डोकावू. गावकुसाबाहेरून शहरातल्या फ्लॅटमध्ये आलेल्या आपल्या कित्येक घरांत मुलांना जात सांगितली जात नाही. भाड्याने घर मिळावे म्हणून आडनाव बदलले जाते, शेजारी येणार म्हणून बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत जाते. हे भ्याडपणाने होते असे म्हणणे सोपे आहे. खरे सांगितल्यावर घर नाकारले जाते, हे ठाऊक असलेल्या माणसाला आम्ही उपदेश करणार नाही. पण मुलापासून लपवणे वेगळे. जगाला काय सांगायचे ते प्रसंग पाहून ठरवता येईल. घरात पोराने विचारले तर जबालेसारखे खरे उत्तर मिळाले पाहिजे. नाहीतर एक दिवस कॉलेजच्या वसतिगृहात त्याला ते दुसऱ्याच्या तोंडून, शिवीच्या रूपात कळते. त्या वेळी त्याच्याजवळ ना इतिहास असतो, ना बाबासाहेब.

आणि सोयरीक जुळवताना? पोटजात विचारणारे आपल्यात आहेत. मुलीची आई एकटी आहे, तिच्या बापाचे काय, अशी कुजबुज करणारेही आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराच्या दारात उद्या जबालेचा मुलगा उभा राहिला, तर आपण त्याला काय विचारणार? गोत्र, की काय शिकायचे आहे ते? गौतमाचा निवाडा चुकीचा होता हे सांगण्याचा अधिकार, या प्रश्नाचे उत्तर तक्षशिलेच्या वैद्यासारखे देणाऱ्यांनाच आहे.